चंद्रीने ऐकलेले भाषण

सकाळच्या पहिल्या तासाला कविता शिकवत असताना फोन थरथरला. पलीकडे रेश्मा होती, सुलूअक्कांची सून. "काकी, आत्या गेल्या... धार काढता काढता गव्हाणीला टेकल्या, त्या टेकल्याच." मी वर्गात परतले आणि उरलेल्या ओळी स्पष्ट आवाजात वाचून संपवल्या. आवाज जराही कापला नाही, याची लाज पाच आठवड्यांनंतर आजही वाटते.

सुलूअक्का माझ्या थोरल्या चुलत जाऊबाई. माहेर अंथुर्ण्याचे, नांदल्या काटेवाडीजवळच्या आमच्या वस्तीवर. त्यांच्या हातांना ओल्या पेंडीचा आणि कोमट दुधाचा मिळून एक वास असे. गोठ्यात त्यांचा आवाज ऐसपैस फिरायचा. अंगणात चार पुरुष येऊन बसले, की मात्र कुणी दावे आवळावे तसा घशातच थांबायचा. मी बारामतीत राहणारी, व्यासपीठांवर वावरणारी. त्यांना माझे फार कौतुक होते...

चार वर्षांपूर्वी त्यांची मुलगी मनीषा अकरावीसाठी रोज बारामतीला येत असे. मोठ्या रस्त्यावरच्या थांब्यापासून वस्तीपर्यंत दोन्ही बाजूंना उभा ऊस, आणि वाटेवर एकही दिवा नाही. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी उसातून कुणीतरी तिच्या मागे चालत आले. ती धावत घरी पोहोचली, वाईट काही घडले नाही. पण तात्यांनी, म्हणजे अक्कांच्या यजमानांनी, सांगून टाकले की वाटेवर दिवे लागले तरच कॉलेज. दिवे ग्रामसभेत मागायचे होते. तात्या विरोधी गटातले, त्यांची मागणी पडणार हे ठरलेलेच. बाईमाणूस उठले तर कुणी अडवणार नाही, असे अक्कांनीच सुचवले आणि त्या माझ्याकडे आल्या. "तू भाषणं करतीस. मला एक लिहून दे, मी पाठ करती."

मी दीड पान लिहिले. 'सन्माननीय व्यासपीठ' येथून सुरुवात, आणि पुढे अंधाराच्या कुशीत कोमेजणाऱ्या कळ्या. लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते. अक्कांनी ते पंधरा दिवस दोन्ही वेळच्या धारांना घोकले. बादलीत पडणाऱ्या धारेच्या लयीत माझी वाक्ये पडत, आणि चंद्री गाय डोळे अर्धवट मिटून पान्हा सोडी. "हिला भ्येत न्हाय मी," त्या म्हणाल्या, "ही मधीच हसत न्हाय."

ग्रामसभेत त्या उठल्या. मी मागे बायकांत बसले होते. माइक किंचाळला, त्यांच्या हातातला कागद वाळल्या पाचटासारखा वाजू लागला. 'सन्माननीय व्यास...' इतकेच आले. पुढचा शब्द त्यांच्या जिभेचा नव्हताच. "वहिनी, कागद उलटा धरलाय जणू," कुणीतरी म्हणाले आणि सभा हसली. अक्का खाली बसल्या. दिव्यांचा विषय निघालाच नाही.

त्याच संध्याकाळी मी त्यांची समजूत घालायला गोठ्याशी गेले, तर आत त्या चंद्रीशी बोलत होत्या. "पोरगी अंधाराची येती, दोन दिवं लावा. एवढंच मागती मी." आवाज लख्ख होता. सगळे भाषण तेवढेच होते, ते त्यांच्याजवळ आधीपासून होते, आणि त्यावर मी माझे दीड पान अंथरले होते. तेव्हाच कागद मागून घेऊन फाडायला हवा होता. मी आत जाऊन म्हटले, पुढच्या वेळी आणखी सराव करू.

पुढची सभा येण्याआधीच मनीषाचे लग्न झाले. त्यानंतरही अक्का दोन्ही वेळा तेच दीड पान म्हणत राहिल्या. कशासाठी, असे मी एकदाच विचारले. "पाठ झालंय तर ऱ्हाऊ दे. सभा पुन्हा व्हईलच की." सभा होत राहिल्या. त्या उठल्या नाहीत. वाट आजही अंधारी आहे.

दहाव्याला माइकवर श्रद्धांजलीची भाषणे झाली. माझे नाव पुकारले गेले आणि मी बोलले. ओघवते, नेमके, जिथे थांबायचे तिथे थांबून. "छान बोलला, मॅडम," असे दोघे-तिघे येऊन सांगून गेले. सासरहून आलेली मनीषा समोरच बसली होती. तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी निघताना गोठ्यात डोकावले. रेश्मा रिकामी बादली गुडघ्यांत धरून बसली होती. दहा दिवस चंद्री नीट पान्हवली नव्हती. "आत्यांचं बोलणं ऐकल्याबिगर सोडत न्हाय ती," रेश्मा म्हणाली. "काकी, तुमी बोला की कायतरी."

पत्र्याच्या फटीत माझ्या भाषणाचा तो कागद खोचलेला होता; घडीवर विरलेला, दुधाच्या डागांनी कडक झालेला. मी तो काढला नाही. पेंडीचा ओलसर वास दाटून आला... चंद्रीने मान वळवली, कान माझ्याकडे रोखले आणि वाट पाहू लागली. मला ते दोन दिव्यांचे वाक्य म्हणायचे होते. ओठ हलले, घशात दावे आवळले गेले. बराच वेळ थांबून तिने मान पुन्हा गव्हाणीकडे फिरवली.