हात न लावता

भिंगारची सरवरी सगळंच सावकाश करायची. जेवणं, बोलणं, जिना चढणं. इंजिनिअरिंग कॉलेजात तिच्या गटानं एका स्पर्धेसाठी विजेवरची गाडी बांधायला घेतली, तेव्हा नट आवळता आवळता ती मध्येच हरवून जायची. "मॅडम, झोप झाली की पाना द्या," मच्छिंद्र म्हणायचा. ती पाना द्यायची, तोही सावकाश.

पण ही गाडी पळवायची नव्हती, लांब न्यायची होती. एका चार्जिंगवर नगरहून कोपरगाव. आणि इतक्या एकसारख्या, संथ चालीनं चालवणं सरवरीशिवाय कुणाला जमेना. तिचे अब्बा खाजाभाई टेम्पोतून अंडी पोचवायचे, त्यांच्याच हाताखाली ती शिकलेली. ठरलं असं की, ती पोचली तर स्पर्धेतही तीच चालवणार, नाहीतर मच्छिंद्र. वाटेत कुणी धक्का दिला तर फेरी बाद.

सकाळी ती निघाली. मागे मोटरसायकलवर मच्छिंद्र. गाडीला आवाज असा नव्हताच. राहुरीच्या पुढे उसाची सळसळ, पाटाचं पाणी, कुणाच्या ओसरीवरचं गाणं, सगळं आत येऊन बसत होतं. सरवरीला वाटलं, आपण आहोत तिथंच आहोत आणि रस्ताच कुणीतरी अलगद खालून ओढून घेतंय.

कोपरगावच्या वेशीवरच्या गोदावरीच्या पुलाचा चढ लागला तेव्हा बॅटरी संपत आली होती. गाडी माणसाच्या चालीवर आली. शेतातून परतणारी माणसं धावली. पुढे एक म्हातारा.

"पोरी, बंद पडली व्हय? धक्का देतो."

"नका काका. हात लागला तर माझी फेरी बाद होईल."

"मंग आमी करावं काय?"

"सोबत चला."

म्हातारा हात पाठीमागं बांधून चालू लागला. बाकीचेही तसेच. एवढ्या हळू मोटरसायकल चालेना, म्हणून मच्छिंद्र उतरून ती ढकलत निघाला.

"ह्याची बी बंद पडली," म्हातारा म्हणाला. "ह्याला तरी लावा रं हात."

खाली नदी उन्हात लखलखत होती. सरवरी हसत होती, आणि पेडलवरचा तिचा पाय मात्र जागचा हलत नव्हता.

पूल सरला. पलीकडच्या लिंबाच्या सावलीत गाडी आपसूक थांबली.

"पोचलीस बाई," मच्छिंद्र धापा टाकत म्हणाला. "स्पर्धेला तूच बस."

म्हाताऱ्यानं गाडीवर हळूच तळहात ठेवला.

"तापली न्हाई की ही," तो म्हणाला.