तीन कोटेशनं आणि एक खुर्ची

माझ्या साडूंइतका चिकित्सक खरेदीदार नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नाही. युरोपातही नसावा, कारण तोही आम्ही चौघांनी मिळून बसमधून पालथा घातला आहे आणि मला तरी तसा कुणी आढळला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कांदा पिकवणाऱ्या नामपूरचे, पण सारी नोकरी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात गेली, तीही खरेदी विभागात. तिथला नियम असा की साधा झाडू घ्यायचा तरी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवायचं आणि सर्वांत कमी असेल ते मंजूर करायचं. इतर लोक संध्याकाळी नियम टेबलावर ठेवून घरी येतात. आमचे साडू तो डब्यासोबत पिशवीत घालून घरी आणत. घराजवळ इंदिरानगरात वांगी घ्यायची तर तीन गाड्या, दाढ काढायची तर तीन दवाखाने. एकदा घरी सत्यनारायण होता तेव्हा त्यांनी तीन गुरुजींना विचारून पाहिलं, आणि तिसऱ्या गुरुजींनी दक्षिणा न सांगता "यथाशक्ती" म्हटलं, तेव्हा हा आकडा कुठल्या रकान्यात धरायचा म्हणून ते दोन दिवस बेचैन होते. निवृत्तीच्या समारंभात कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. सगळ्यांचे डोळे पाणावलेले असताना यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "साडूभाऊ, हे घेताना यांनी किती दुकानं पाहिली असतील हो?"

स्वतःच्या लग्नाबद्दलही ते असंच बोलतात. त्यांनी तीन मुली पाहिल्या होत्या, त्यांतल्या ताई तिसऱ्या. "हे माझं तिसरं कोटेशन," असं ते आल्यागेल्याला हसत सांगतात. ताई स्वयंपाकघरातून ऐकत असतात. एकदा त्या पोळपाटावरची नजर न काढता म्हणाल्या, "मी एकच घेतलं होतं. तेव्हा मला कुणी नियम सांगितला नव्हता." त्यावर सर्वांत मोठ्याने हसले ते साडूच.

ताईंबद्दल सांगायलाच हवं. नामपूरकडच्या माणसाला नाशिकला काहीही काम निघालं, दवाखाना असो, परीक्षा असो की कोर्टाची तारीख, तरी त्याची पिशवी आधी साडूंच्या घरी टेकते. साडूंना माणसांचं वेड आहे. ते सोफ्यावर बसून "अरे ये, ये, अगं चहा टाक," म्हणणार आणि ताई चहा टाकणार. कपबशा येणार, जाणार, विसळल्या जाणार आणि परत येणार. ताईंचा स्वतःचा चहा ओट्यावर, गॅसच्या शेजारी. तो त्या उभ्यानेच, दोन घोटांत संपवतात, कारण तोवर पोहे फोडणीला टाकायचे असतात. ताईंना बैठकीत बसून चहा पिताना मी तोवर कधी पाहिलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यात काही पाहण्यासारखं आहे हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

युरोपचं खूळ आमच्या घरातलं. आमच्या हिने एका सहल कंपनीची जाहिरात पाहिली, ताईंना फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौघं साडूंच्या बैठकीत बसलो. म्हणजे तिघं बसलो आणि ताई उभ्या होत्या. साडूंनी प्रत्येकाला विचारलं, तुमची अपेक्षा काय? अपेक्षा ठरल्याशिवाय कोटेशन मागवता येत नाही. मी म्हणालो बर्फ. हिने तो पॅरिसचा मनोरा सांगितला. ताईंनी आधी "मला काय, तुम्ही जाल तिथे," असं म्हणून टाकलं, पण साडू ऐकेनात. तेव्हा त्या ट्रे हातात धरून म्हणाल्या, "टीव्हीवर दाखवतात ना, मोठा चौक असतो, त्यात छोटी छोटी टेबलं मांडलेली असतात, बायका निवांत बसलेल्या असतात. तशी एकदा खुर्चीत बसून कॉफी प्यायचीय मला. कुणीतरी आणून दिलेली. बास, एवढंच." साडू म्हणाले, "एवढंच ना? ते तर जेवणखाणात धरलेलं असतं," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. ताई आत गेल्या. त्यांच्या त्या "एवढंच"कडे आमच्यापैकी कुणीच नीट पाहिलं नाही.

मग कोटेशनांचं पर्व सुरू झालं. शहरातल्या तीन सहल कंपन्यांच्या कचेऱ्यांत साडू इतक्या वेळा गेले की एका ठिकाणची पोरगी त्यांना "काका, आज लवकर?" म्हणू लागली. नाश्त्याला अंडं नको असेल तर त्याचे पैसे वजा होतात का? बसमध्ये मागची सीट मिळाली तर दर कमी का नाही? आल्प्समध्ये ढग आले आणि डोंगर दिसलाच नाही तर जबाबदारी कुणाची? शेवटी एका व्यवस्थापकाने हात जोडून दोन टोप्या आणि एक पाठीवरची पिशवी जास्त दिली, तेव्हा सौदा पक्का झाला. बॅगा भरायची वेळ आली तेव्हा साडूंनी नामपूरहून कांद्याची गोणी मोजायचा आकड्याचा काटा मागवला आणि चौघांच्या बॅगा दाराच्या चौकटीला टांगून तोलल्या. मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग काट्यात बसलं. माझा जाड स्वेटर बसला नाही. "थंडीचं बघू, भूक थांबत नाही," असा निकाल लागला.

प्रत्यक्ष युरोपात मात्र साडूंनी जी मजा केली, ती आमच्या बसमधल्या एकाही तरुण जोडप्याने केली नसेल. त्यांची मजा करायची रीत वेगळी, इतकंच. टूर मॅनेजरने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, "प्रत्येक किंमत रुपयांत करत बसू नका, सहलीचा आनंद जातो." साडूंनी ते शिस्तीने मानलं आणि किमती कांद्यात करायला सुरुवात केली. पाण्याची बाटली पाहिली की डोळे मिटून पुटपुटायचे आणि म्हणायचे, "पाऊण गोणी." एरवी त्यांची भाषा चोख शहरी, पण आकडा फारच मोठा निघाला की नामपूरची अहिराणी जागी व्हायची आणि भर रस्त्यात "भलतंच महाग शे!" असा उद्गार निघायचा. बसमधली पुण्याची मंडळीसुद्धा दोन दिवसांत "भलतंच महाग शे" म्हणू लागली. पॅरिसला तो मनोरा पाहून सगळे फोटो काढत होते, तेव्हा हे मान वर करून विचारत होते, "याला रंग द्यायचं काम दर वेळी एकाच पार्टीला देतात का?" स्वच्छतागृहात जायलाही नाणं टाकावं लागतं हे कळल्यावर त्यांनी कुठल्या पेट्रोल पंपावर फुकट सोय आहे ते ड्रायव्हरकडून खुणांनी काढून घेतलं, आणि त्या दिवसापासून बसमधल्या यच्चयावत बायका त्यांना देवमाणूस समजू लागल्या. स्वित्झर्लंडच्या कुरणात गायी पाहून मात्र त्यांनी काही विचारलं नाही. बराच वेळ काचेला कपाळ टेकून बसले आणि म्हणाले, "साडूभाऊ, इतक्या निवांत गायी मी आयुष्यात पाहिल्या नाहीत. आपल्याकडच्यांना वेळच नसतो."

आणि ताईंची कॉफी? ती राहतच होती. नाश्त्याला कॉफी होती, पण ती आपली आपण यंत्राखाली कप धरून घ्यायची. ताई त्या यंत्राचं बटण दोन दिवसांत शिकल्या आणि मग सवयीने आमच्याही कॉफ्या आणू लागल्या. गावांत चौक लागायचे, टेबलंही दिसायची, पण कधी मॅनेजर झेंडा हलवत पुढे निघालेला, कधी पाऊस. ताई चालता चालता त्या खुर्च्यांकडे पाहायच्या आणि पाय उचलायच्या. सहल संपत आली तसं हे मला दिसू लागलं, हिला तर आधीच दिसलं होतं. हिने एकदा साडूंना आठवण करून दिली. ते म्हणाले, "व्हेनिसला मोकळा वेळ आहे. तिथे बघू."

व्हेनिसचा तो मोठा चौक. आम्हाला तासाभराची मोकळीक मिळाली, पुढे बोट आणि मग बस गाठायची होती. ही काचेचे मणी बघायला गल्लीत शिरली. साडूंनी ताईंना आणि मला एका खांबाजवळ उभं केलं आणि म्हणाले, "थांबा, मी दर काढून येतो." चौकात तीन बाजूंना तीन कॅफे होते. ते तिन्हीकडे जाऊन आले. त्यांना इटालियन येत नाही आणि इंग्रजी कामापुरतं, पण दर विचारायला त्यांना जगात कुठेच भाषा लागत नाही. परत आले तेव्हा चेहरा खुलला होता. "एक गंमत कळली. खुर्चीवर बसलं की दर वेगळा. त्या तिथे वाद्यं वाजवतात ना, तिथे तर वाजवण्याचेही पैसे बिलात. पण आत काउंटरपाशी उभ्याने प्यायली ना, तर निम्म्याहून कमी. कॉफी तीच, कप तोच. चल, उभ्याने पिऊन घे."

ताई म्हणाल्या, "उभ्याने घरी पितेच की."

त्या रागाने म्हणाल्या नाहीत. उलट जरा हसल्याच, आणि "जाऊ दे, चला, ही कुठे गेली ते बघू," म्हणून पदर सारखा केला. साडू तिथेच उभे राहिले. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं. मग त्यांनी ताईंची पर्स त्यांच्या हातातून काढून स्वतःच्या खांद्याला लावली, दंडाला धरून त्यांना चौक ओलांडून नेलं, आणि जिथे वाद्यं वाजत होती, तिथल्या अगदी पुढच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसवलं. ते कोटेशन सर्वांत महाग होतं. वेटरने दोन बोटं दाखवून विचारलं, तेव्हा यांनी एकच बोट दाखवलं, इतके काही ते बदलले नव्हते. स्वतः खुर्च्यांच्या रांगेबाहेर, खांद्याला बायकोची पर्स लावून माझ्याशेजारी उभे राहिले.

पांढऱ्या कोटातला वेटर चांदीच्या ट्रेमधून कॉफी घेऊन आला. आणि ताई उठल्या. एखादा माणूस हातात ट्रे घेऊन आपल्याकडे येतोय म्हटल्यावर त्या बसून राहूच शकल्या नाहीत. अर्धवट उभं राहून त्यांनी ट्रेला हात लावला, वेटर बिचारा गोंधळला, आणि तो ट्रे सोडेना, या धरलेला सोडेनात. आजूबाजूचे लोक पाहू लागले. तेवढ्यात माझ्या शेजारून साडू ओरडले, "अगं, बस! बस तू. त्याचं तो करेल." आवाज मोठा होता, पण त्यात मला जे ऐकू आलं ते मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ताई बसल्या. वेटरने कप ठेवला, साखर ठेवली, घडी घातलेला रुमाल ठेवला आणि किंचित झुकला. ताईंनीही बसल्या जागी त्याला नमस्कार केला.

मग त्या कॉफी प्यायल्या. किती हळू प्यायल्या म्हणून सांगू! दोन घोटांत चहा संपवणारी ही बाई, पण एक घोट घ्यायची, कप ठेवायची, वाजवणाऱ्यांकडे पाहायची, कबुतरांकडे पाहायची. कॉफी कडू होती हे तोंडावरून कळत होतं, तरी कप सोडवत नव्हता. तिकडे वेळ होत आली, टूर मॅनेजर लांबून झेंडा हलवू लागला. अख्ख्या सहलीत साडू रोज सगळ्यांच्या आधी बसपाशी हजर असायचे आणि उशिरा येणाऱ्यांना मनगटावरचं घड्याळ दाखवायचे. ते मला म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही पुढे व्हा. सांगा त्यांना, येतोय म्हणावं. हिला उठवू नका."

आमच्यामुळे बोट चुकली आणि सगळा गट पुढच्या बोटीसाठी ताटकळत राहिला. आमच्या बसमध्ये उशिरा येणाऱ्याला माइकवर गाणं म्हणायची शिक्षा होती. साडूंनी शाळेतली प्रार्थना म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बेसूर, आणि टाळ्या घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. पुढच्या सीटवर ताई हिला सांगत होत्या, "साखर जरा कमी होती, पण बसायला छान होतं गं." मी साडूंना चिडवायचं म्हणून विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्या खात्यात कमी दराचं सोडून जास्त दराचं घेतलं तर फाइलवर कारण लिहावं लागायचं ना? आज काय लिहिणार?"

मला वाटलं हसतील. ते पुढच्या सीटवरून दिसणाऱ्या ताईंच्या अंबाड्याकडे बघत बसले. तिकडेच बघत म्हणाले, "तातडीची खरेदी, असं लिहितो. फार वर्षं राहून गेली होती."

नाशिकला परतून आता बरेच दिवस झाले. साडू पुन्हा तीन गाड्या फिरून वांगी घेतात, नामपूरची माणसं पुन्हा पिशव्या घेऊन येतात, आणि साडूंच्या सोफ्यावर अजून कुणीही येऊन बसू शकतं. फरक झाला आहे तो एवढाच, की चहा आला की साडू आता दर वेळी आतल्या दाराकडे बघून म्हणतात, "अगं, ये की. बस जरा आमच्यात." आतून ताईंचा आवाज येतो, "बसते हो. एवढे पोहे होऊ देत." साडू थोडा वेळ कप तसाच हातात धरून थांबतात. मीही थांबतो. मग चहा निवायला लागतो, आणि आम्ही दोघं तो पिऊन टाकतो.