डावीकडे सरकवलेली दुर्बीण

फोन तुळशीरामचा होता. सिंदेवाहीपलीकडे माझी सासुरवाडी आहे, तिथे तुळशीरामचं शेत आमच्या गणपतभाऊंच्या शेताला लागून आहे आणि हा बाबा कामाशिवाय कधी फोन करत नाही. "जवाई, भाऊ..." एवढंच ऐकू आलं आणि रेंज गेली. ऊर्जानगराजवळच्या आमच्या घराच्या ओट्यावर मी फोन धरून उभा. मनात एकच आलं. लागली! भाऊंच्या रायफलीची गोळी कुणाला तरी लागली. कोणाला? मोळी घेऊन येणाऱ्या एखाद्या बाईला? मी फोन लावतोय, लागत नाही, पुन्हा लावतोय. शेवटी तुळशीराम बोलला, "भाऊ गेले जी. जेवून खाटेवर लेटले, ते उठलेच नाई." आणि मी... सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगतो... मी हुश्श केलं. दारात माझी बायको सुमन उभी होती. भाऊ तिचे सख्खे थोरले भाऊ. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "काय झालं? चांगली खबर हाये का?" आता तिला काय सांगू? तिचा भाऊ गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? आज दीड-दोन महिने झाले, त्या सुस्काऱ्याची लाज काही जात नाही. पण तो का निघाला, हे कुठेतरी लिहून टाकल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

भाऊंकडे वडिलांच्या काळापासून पीक संरक्षणाचं लायसन आणि जुनी तीनशे पंधराची रायफल होती. धान लोंबीवर आलं की जंगलातून रानडुकरांचे कळप उतरतात आणि सकाळपर्यंत अख्ख्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, चिखल करून जातात. वनखात्याची परवानगी मिळाली की गावातले सगळे भाऊंकडे येत. भाऊ तसे हसतमुख माणूस, मला तर भेटल्याबरोबर चिडवायचे. पण एका उन्हाळ्यात भल्या पहाटे मोहफुलं वेचायला गेले आणि झाडाखाली आधीच अस्वल बसलेलं. जिवानिशी वाचले हेच खूप. उजवा डोळा गेला, उजवा गाल फाटला आणि डाव्या खांद्याचं हाड असं मोडलं की त्यावर पुन्हा रायफल टेकवायची सोय राहिली नाही. नागपूरच्या दवाखान्यात तोंडाला पट्ट्या बांधलेल्या, आणि त्यातून म्हणाले, "जवाई, डोळा गेला तं गेला. पन धानाचं काय?" डॉक्टरांनी पुढे तपासून कागद दिला, लायसन टिकलं. अडचण वेगळीच होती. रायफल उजव्या खांद्याला आणि बघायचं डाव्या डोळ्यानं. नळीच्या टोकावर नेम धरायची माशी असते, तिच्यापर्यंत डावा डोळा पोचणार कसा?

मी वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटचा मेकॅनिक. गेजं, वॉल्व्ह, बारीक स्क्रू यांच्यात जन्म गेला. दुर्बीण नळीच्या वर न ठेवता डावीकडे सरकवून ठेवली तर जमेल, हे मीच बोलून बसलो. आ बैल मुझे मार, दुसरं काय! नागपूरच्या बंदूकवाल्यानं एक नवी कोरी दुर्बीण दाखवली होती, भली मोठी, डुकराच्या मिशा मोजता येतील अशी. भाऊंनी ती दुकानाच्या दारातून रस्त्यावर रोखून बघितली आणि परत केली. "याच्यात डुक्कर दिसते, जवाई. डुकराच्या बाजूले कोन हाये ते कुठी दिसते?" शेवटी घरातलीच जुनी निवडली. शिकार चालायची त्या काळी माझे सासरे हे साहेब लोकांच्या कॅम्पवर हाकेवाल्यांचे मुकादम होते, तिथल्या कोण्या पाहुण्यानं जाताना त्यांना दिलेली. पोलादी नळी, चारच पटीची, पण समोरचा पट्टा ऐसपैस दिसायचा, आणि डोळा चार बोटं मागे ठेवला तरी चित्र पूर्ण यायचं. काचेच्या कडेला बुरशी चढली होती, ती मी साफ केली. एकच गोम होती. त्या जुन्या दुर्बिणीत फक्त वर-खाली करायचं बटण होतं. डावं-उजवं करायचं तर ती ज्यावर बसते त्या बैठकीतूनच करायचं. म्हणजे गोळी डावीकडे जाईल की उजवीकडे, हे सगळं मी घासून बनवलेल्या त्या लोखंडाच्या तुकड्यावर आणि त्याच्या दोन आडव्या स्क्रूंवर आलं.

रायफलीला छिद्रं त्या लायसनवाल्या दुकानदारानंच पाडली, बैठक माझी. मग शेतात मचाणावर रायफल पोत्यांत घट्ट बसवली, बोल्ट काढला, मागून नळीतून बघत समोरच्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधावरचा, पांढरा डबा मधोमध आणला, आणि दुर्बिणीची खूण त्याच डब्यावर येईपर्यंत स्क्रू फिरवत बसलो. नंतर भाऊंनी गोळी झाडून पाहिली. डबा उडाला! तुळशीरामनं टाळ्या पिटल्या. मला मात्र पुढचं दिसत होतं. घरी आल्यावर मी वहिनींची कैची मागून घेतली आणि भाऊंपुढे उघडून धरली. "हे बघा भाऊ. एक पातं म्हणजे तुमची नजर, दुसरं पातं म्हणजे गोळी. दोघं भेटतात फक्त या खिळ्यावर. हा खिळा म्हणजे धुरा. धुऱ्याच्या अलीकडे गोळी उजवीकडे लागेल, आणि धुऱ्याच्या पलीकडे गेली की डावीकडे फाकत जाईल. जितकी लांब, तितकी जास्त. आणि भाऊ, डावीकडे पलीकडे ती पायवाट आहे. जंगलातून बायका मोळ्या घेऊन त्याच वाटेनं येतात." भाऊंनी कैची हातात घेतली, दोन-तीनदा उघडली, मिटली आणि हसले. "तुमी लय भेकड हा, जवाई. कैची पाहून भेता!" वहिनीही हसल्या. मी काय करणार, मीही हसलो, पण जेवण काही गेलं नाही.

त्याच हंगामात मी त्यांच्यासोबत मचाणावर होतो. दिवस कलला होता पण उजेड भरपूर होता. कळप आला तो धुऱ्याच्या पलीकडून, तुळशीरामच्या बांधीत. भाऊंनी रायफल खांद्याला लावली, डावा डोळा दुर्बिणीला. खाली तुळशीराम ओरडतोय, "हाना भाऊ! अजी, हाना ना!" भाऊ बघत राहिले, बघत राहिले... आणि रायफल खाली घेतली. डुकरांनी त्या बांधीची पार नासाडी केली. तुळशीराम तोंडाला येईल ते बोलला. एका डोळ्याचा शिकारी काय कामाचा, हे तर अख्ख्या गावासमोर बोलला. मी घरी येताना विचारलं, तर म्हणाले, "धुऱ्याच्या अलीकडं आलं तं मारीन. पलीकडं गेलं तं खाऊ दे." एवढंच. मला वाटलं, बोलायला ठीक आहे, पण माणूस आहे. लोक टोचून टोचून बोलतील आणि एक दिवस हा हट्टाला पेटून पलीकडे घोडा ओढेल. त्या दिवशी काय होईल?

त्याच हिवाळ्यात माझे गुडघे गेले आणि शेतात जाणं सुटलं. भेटी व्हायच्या त्या त्यांच्या घरीच. पण गेलो की चहाच्या आधी मी रायफल बघायला मागायचो. शर्टाच्या खिशात पेचकस असायचाच. सुमनची लाल नखपॉलिश नेऊन मी बैठकीच्या प्रत्येक स्क्रूवर एक आडवी रेघ मारली होती, अर्धी स्क्रूवर, अर्धी लोखंडावर. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. "बाप्पा! जवायानं बंदुकीले नट्टापट्टा केला!" असं म्हणून भाऊ आल्यागेल्याला ते दाखवायचे. मी म्हणायचो, हसा तुम्ही, फासावर मी जाणार आहे. पेपरात कुठे चुकून गोळी लागल्याची बातमी दिसली की आधी गावाचं नाव वाचायचो आणि मगच पुढचा घोट. धानाच्या दिवसांत रोज संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून त्यांना फोन करायचो. त्यांना ते कळायचं. फोन उचलल्याबरोबर म्हणायचे, "सारे जित्ते हायेत, जवाई. जेवून घ्या."

तेरवी झाल्यावर वहिनी म्हणाल्या, रायफल ठाण्यात जमा करायची आहे, त्याआधी तुम्ही बसवलेली दुर्बीण काढून घ्या. मी स्क्रू सोडले. लाल रेघा सगळ्या जागच्या जागी होत्या. सुमनला भाऊ बसायचा ती जागा बघायची होती, म्हणून आम्ही संध्याकाळी शेतात गेलो. ती खाली थांबली, मी गुडघ्यांना शिव्या देत मचाणावर चढलो. नुसती दुर्बीण डोळ्याला लावली आणि इतकी वर्षं ज्या जागेचा धसका घेतला होता तिकडेच आधी वळवली, धुऱ्याच्या पलीकडे, डावीकडे. वाट नव्हतीच. मला वाटलं माझी नजर चुकतेय. काच पुसून पुन्हा पाहिलं. जिथे पायवाट होती तिथे बोरीच्या काट्यांचं दाट कुंपण आणि त्यामागे रान माजलेलं.

तुळशीराम शेजारच्या बांधीतच होता, मी वरूनच त्याला हाक मारून विचारलं. तो म्हणाला, "ते वाट? ते तं भाऊनं कवाच फिरवली जी. तुमी ते कैची दाखवून गेले ना, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात. काटे लावले आन् वाट सोताच्या बांधीतून काढून देली, मचानाच्या मांगून. जमीन चांगली होती ते. आमी म्हनलं, येडे झाले का भाऊ? तं म्हने, माह्या जवायाले झोप येत नाई."

मी मचाणावरच बसकण मारली. काय माणूस! मला भेकड म्हणून जन्मभर हसला आणि माझी भीती घेऊन स्वतःच्या शेतातून वाट पाडून मोकळा झाला. मला सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री सुखाच्या गेल्या असत्या. पण सांगेल तर तो भाऊ कसला! माझं रडू काही केल्या आवरेना.

तेवढ्यात जंगलाकडून बायका आल्या. डोक्यावर मोळ्या, एकामागे एक, मचाणाच्या मागच्या त्या वाटेनं. शेवटची बाई मचाणाखाली आली, मान वर न करताच खड्या आवाजात ओरडली, "भाऊ, साऱ्याजनी आलो जी! मांगं कोनी नाई!" आणि मग तिचं तिलाच आठवलं. ती जागच्या जागी थांबली. "अव माय... सवयच लागली वं." तुळशीराम मचाणाच्या शिडीवर चढून हळू आवाजात मला सांगायला लागला की शेवटच्या बाईनं असं ओरडून सांगितल्याशिवाय भाऊ रायफलीला हातच लावत नसत, आणि वरून भाऊंनी 'हो' म्हटल्याशिवाय ती बाई पुढे जात नसे. वाट फिरवली तेव्हापासून रोज.

खालून सुमननं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे वाहत होते. म्हणाली, "अवो, ते बाई उभी हाये ना. हो तं म्हना."

मी म्हणालो, "हो बाई. जा आता घरी."