फुटबॉलच्या मैदानावर लागलेली हळद

माझ्या दुसऱ्या हळदीच्या वेळी मी एक्कावन्न वर्षांचा होतो आणि माझं लग्न ठरलेलं नव्हतं.

पहिलं लग्न झालेलं आहे, टिकलेलं आहे, बायकोचं नाव शुभांगी. गैरसमज नको. दोष फुटबॉलचा. (शुभांगीच्या मते दोष माझा. पण लिहितोय मी.)

आमची मुग्धा घोडबंदर रोडवरच्या मुलींच्या फुटबॉल क्लबची गोलरक्षक आणि कप्तान. यंदा क्लबने जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव घातलं. बारावी झाली की ती पुण्याला जाणार, म्हणजे तिच्यासाठी ही पहिली आणि शेवटची संधी. नियम असा, की प्रत्येक क्लबला स्वतःचं मैदान दाखवावं लागतं आणि निरीक्षकाकडून ते पास करून घ्यावं लागतं. नापास झालं की प्रवेश रद्द!

नियमावली क्लबात कोणीच वाचली नव्हती. मी वाचली. 'किमान' आणि 'कमाल' हे शब्द दिसले की मला राहवत नाही. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची खोली मी स्वतः बांबू घालून मोजलेली आहे. मुलींनी मला लगेच मैदानप्रमुख केलं. मी अजून 'हो' म्हणायचा होतो.

मैदान म्हात्रेशेठचं. आमच्या संकुलामागे त्यांची जुनी भातशेती होती, तीच आता मोकळी पडलेली. "खेलू दे पोरींना," असं म्हणून शेठ लेकीकडे अलिबागला निघून गेले. पण नियमावलीत नुसतं मैदान चालत नव्हतं. दोन संघांना दोन वेगळ्या खोल्या, पंचांना तिसरी, राखीव खेळाडूंना छताखाली बाक, प्रेक्षकांना अडवायला चारी बाजूंनी कठडा आणि एक प्रवेशद्वार! आता ठाण्यात एका दिवसात काहीही उभं करायचं तर माणूस काय करतो? मंडपवाल्याला बोलावतो.

खोपटच्या बंटीशेठला मी फोन केला. माझा अनुभव असा, की शब्दांनी घोळ होतो, आकड्यांनी होत नाही. म्हणून मी फक्त मापं सांगितली. खोल्यांची लांबी-रुंदी, छताची उंची, कठड्याचं अंतर.

"जागा कुठली, साहेब?"

"म्हात्रेशेठचं मैदान."

"बास! पुढचं सांगूच नका. त्या मैदानावर आपली दरवर्षी कामं असतात."

किती समंजस माणूस, असं मला वाटलं.

तपासणीच्या दिवशी दुपारी मी मैदानावर पोहोचलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. मापं अचूक होती. पण खोल्या गुलाबी झालरींच्या होत्या. कठड्याला झेंडूच्या माळा. प्रवेशद्वारावर थर्माकोलचे दोन हत्ती सोंड वर करून उभे. आणि राखीव खेळाडूंच्या जागी छताला झुंबर, खाली सोनेरी सिंहासनासारखा सोफा!

"बंटीशेठ, हे काय?"

"हळदीचा सेट, साहेब. या मैदानावर दुसरं काय होतं?"

"अहो, फुटबॉल आहे!"

"मग तसं बोलायचं ना! तुम्ही नुसते फूट आणि इंच बोलत होतात."

सेट काढायला वेळ नव्हता. तेवढ्यात निरीक्षकांचा फोन आला, की ते माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकले आहेत, उशीर होईल. मुग्धाचा चेहरा पडला होता.

"बाबा, हे बघून ते हसतील आणि परत जातील."

"नियमात झालर चालत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही," मी म्हणालो. (मी पुन्हा पाहिलं. खरंच नव्हतं.)

खरी गडबड पुढेच होती. या भागातल्या जुन्या गावांत मंडप उभा राहिला म्हणजे आमंत्रण पोहोचलं. पत्रिका आली नाही तरी लोक येतात, आणि मंडप दिसूनही कोणी आलं नाही तर तो रुसवा पुढच्या पिढीपर्यंत चालतो. म्हात्र्यांच्या जागेवर झेंडू लागलेले सगळ्या गावाने पाहिले. मैदान कशाला दिलंय ते घरातही न सांगता शेठ अलिबागला. विचारणार कोणाला? उन्हं कलली तशी माणसं येऊ लागली. नटलेल्या बायका, कडक इस्त्रीचे पुरुष, एक ढोलवाला. आणि सगळ्यांत पुढे शेठची आई, हिराबाय, हातात हळदीचं ताट!

तेव्हा मी सोफ्यावर बसलो होतो. आराम म्हणून नव्हे. बसलेल्या खेळाडूला मैदान दिसतं का, हे बसल्याशिवाय कसं कळणार?

"सोफ्याव कोन बसलाय?" हिराबायने डोळे बारीक केले.

"टॉवरमधले तावडे साहेब," गर्दीतून कोणीतरी माझी ओळख करून दिली.

"या वयात?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "जाऊंदे. कुनाचा उशिराच जमतं."

"आजी, ऐका, इथे फुटबॉलची तपासणी..."

"लाजतंय बिचारा!" असं म्हणून त्यांनी माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. मग रांगच लागली! कपाळ, कान, कोपर, टक्कल. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, कुठूनशी आली आणि सुरूही झाली. ढोल वाजू लागला. मी उठायला गेलो की चार हात मला खाली बसवत. मुग्धाच्या संघातल्या मुलींनी मला सोडवायचं की नाचायचं यावर क्षणभर विचार केला आणि नाचायला लागल्या.

अशा वेळी शुभांगी आली. सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन. तिने झुंबर पाहिलं, धवलारीण पाहिली, शेवटी मला.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "कोणाशी?"

"शुभांगी, मी समजावून सांगतो."

"नको. ती स्वयंपाक करते का एवढंच विचारा. मी मोकळी."

आणि तिनेही ताटातली हळद उचलून माझ्या नाकाला लावली!

"तावडे कोण?" मागून आवाज आला. निरीक्षक. डोंबिवलीहून आलेले, घामेजलेले, हातात फाईल.

"मीच," मी उभा राहिलो. ढोल थांबला. मुग्धाचा रंग उडाला. ती धावत पुढे आली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

हिराबाय ऐकत होत्या. "म्हंजे लगीन नाय?"

"नाही, आजी. मैदान पास झालं नाही तर आम्हाला खेळताच येणार नाही."

हिराबाय गर्दीकडे वळल्या. "ऐकला का? चला, समदी कठड्याच्या भाईर!" एका हाकेत अख्खं गाव झेंडूच्या माळांमागे ओळीत उभं राहिलं. पोलीस बंदोबस्ताला जमलं नसतं!

निरीक्षक मैदान फिरू लागले. मी पिवळाधमक त्यांच्यामागे, एका हातात टेप, दुसऱ्या हातात नियमावली. ते एक बघत, मी चार दाखवत असे.

"खोल्या वेगळ्या, ठीक. पंचांची खोली, ठीक. राखीव खेळाडूंना छत..." त्यांनी वर पाहिलं. "झुंबराची गरज नव्हती. पण मनाईही नाही."

"तेच मी म्हणालो!" मी म्हणालो.

"प्रेक्षक कठड्याबाहेर, उत्तम. इतके शिस्तीचे प्रेक्षक मी पाहिले नव्हते." त्यांनी फाईल मिटली. "मैदान पास. फक्त एक अट आहे."

मुग्धाने श्वास रोखला.

"सामन्याशी संबंध नसलेली एक व्यक्ती कठड्याच्या आत सतत फिरताना आढळली. रंगाने पिवळी. नियमाप्रमाणे सामन्यांच्या दिवशी ती बाहेर राहिली पाहिजे. सगळ्या सामन्यांना."

"मान्य!" मुग्धा ओरडली.

"मान्य," शुभांगी म्हणाली.

"मान्य!" गाव म्हणालं, आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

लेकीचे सगळे सामने मी हत्तीच्या सोंडेपलीकडून, हिराबायच्या शेजारी उभा राहून पाहिले. अटीला हरकत घ्यायचा माझा विचार होता, पण घेणार कशी? तो नियम निरीक्षकांच्या लक्षातही नव्हता. मीच त्यांना पान उघडून दाखवला होता.