विम्याच्या तपासणीत नापास

मंडळी, आपल्या हातोहात फिरणाऱ्या हस्तलिखित मासिकात आज माझी कविता नाही. मी कुणासाठी झुरतो ते तुम्ही जाणता. नाव लिहीत नाही.

तिच्या वडिलांची अट होती, "कॉलेज अर्धवट सोडलंस. निदान आयुष्याचा विमा उतरव, मग मुलगी देतो."

आज सात रस्ता चौकात विम्याच्या डॉक्टरांनी माझी लघवी निळ्या औषधात घालून नळी तापवली. निळा रंग विटकरी झाला. "मधुमेह. कंपनी घेणार नाही."

बाहेर विम्याचा एजंट कुजबुजला, "अवो, मनाला लावून घेऊ नगा. दुसऱ्या डॉक्टराकडं जाऊ, धाकट्या भावाच्या लघवीची बाटली आणा की! कुणाची हाय, कोण बघतंय?"

मी त्याची गचांडी धरली. "आणि मी मेल्यावर कंपनीनं लबाडी पकडली, तर तिला पैशांऐवजी काय ती बाटली देशील?"

तसाच तिच्या वडिलांकडे गेलो. सगळं खरं सांगितलं.

"विमा तिच्यासाठीच मागत होतो रे," ते म्हणाले. "आता नाही म्हणतोय, तेही तिच्यासाठीच."

मी त्यांना नमस्कार केला आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

मंडळी, त्यांच्या जागी तुम्ही असता, तर मुलगी दिली असती? खाली लिहा. माझं मन राखायला मात्र लिहू नका.