सोड्याच्या मशीनची जाळी

परवा सकाळी नांदुऱ्यात आमच्या कारखान्यात एक अनोळखी माणूस आला. कारखाना म्हणजे गोटी सोड्याचा… आजोबांनी सुरू केला, वडिलांनी चालवला, आता माझ्याकडे आहे.

सोडा पिऊन झाला तरी पाहुणा हलेना. मशीन कोणत्या साली आणलं, पाणी कोणत्या विहिरीचं… वर खिशातून वही काढली! मी मनात म्हटलं, हा कंपनीचा माणूस. आमच्या जिऱ्याच्या मसाल्यावर डोळा आहे याचा.

मसाल्याचा डबा मी पायानेच टेबलाखाली सारला. इतिहास मात्र सांगितला, तोही चोख. आयटीआय न करता हे मशीन मी दोनदा अख्खं खोलून बसवलंय.

मग तो उठून थेट मशीनपाशी गेला. बाटल्यांच्या पिंजऱ्याभोवतीच्या तारेच्या जाळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे जाळी कवा लावली, भाऊ?"

गॅस भरताना एखादी बाटली फुटते, काचा उडतात, त्यासाठी ती जाळी. म्हणजे हा तपासणीवाला!

"तुमाले काऊन पाह्यजे हो एवढं? कोनं पाठवलं?"

आतून बायको म्हणाली, "अहो, चहा तरी घेऊ द्या त्याईले! चोर पकडल्यावानी काय विचारता?"

"कोनी नाई पाठवलं," तो म्हणाला. "माया बाप या मशीनचं हँडल फिरवे अठी. बाटली फुटली, डावा डोळा गेला. मरेपर्यंत म्हने, माया मांगून मालकानं जाळी बसवली असन. म्हटलं, एकदा पाहून घ्यावं."

आता भरपाई मागतो की काय… खरं सांगतो, पहिल्यांदा हेच मनात आलं.

जाळी ही आजोबांची कल्पना, हे मी आजवर छाती फुगवून सांगत आलो. ती कोणामुळे सुचली, हे वडील बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

पाना घेतला, जाळी उतरवली. आतल्या पट्टीवर आजोबांनी छिन्नीने महिना आणि साल कोरलंय. त्याने वही उघडून बापाचं नाव, शंकर, आणि त्याखाली अपघाताची तारीख दाखवली… जाळी त्याच्या पुढच्याच महिन्यातली.

तो बराच वेळ त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला. "बुढा बरोबर होता," एवढंच बोलला.

आमच्या कारखान्याच्या इतिहासात आजवर तीन मालकांचीच नावं होती. चौथं आज इथं लिहितो… शंकरभाऊ, हँडलवाले. फार उशीर झाला, माफ करा.