सतरा साते

आज नाचियार्कोविलची पितळी समई चिंचेने घासायला घेतली आणि त्या आंबट वासासरशी अप्पा आठवले.

पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात नीट उठत नसे. व्यायाम म्हणून आम्ही त्यांना हीच समई घासायला देत होतो. एकदा तिरुप्पनंदाळहून धाकटे काका आले. कॉफी पितापिता त्यांनी थोरल्या भावाला विचारलं, "अण्णा, सतरा साते किती?"

अप्पा विचार करू लागले. काकांना दम कुठला! "एकशे नऊ!" असं स्वतःच सांगून ते माझ्याकडे वळले. "डोकं चालेना, हात काय चालणार? बंद कर ही कसरत."

त्यांची कॉफी संपत आली तेव्हा अप्पांचे ओठ हलले. "एकशे... एकोणीस."

"काका, बरोबर उत्तर हे," मी म्हटलं. "कसरत चालू राहील."

"एवढा वेळ लावून?" काका हसले.

विचार मंदावला की शरीरही बहुधा सावकाश सावरतं, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. सावकाश म्हणजे कधीच नाही, हा शोध मात्र काकांचा. पुढे अप्पांनी उजव्या हाताने याच समईची वात लावली.

तेव्हा मला काकांचा राग आला होता. आता तेवढीही किंमत त्यांना द्यावीशी वाटत नाही.